प्रागतिक जॅझ : नृत्यगृहातून मैफलीकडे

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात, कृष्णवर्णीय समाजात जॅझ संगीत आकाराला आले. १९३०च्या दशकात ते प्रामुख्याने नृत्याचे संगीत होते. पुढे काही वादकांना, श्रोत्यांनी बसून लक्षपूर्वक ऐकावे असे जॅझ घडवावेसे वाटू लागले. १९४७ मध्ये स्टॅन केंटन यांनी आपल्या वाद्यवृंदाच्या संगीताला ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’, म्हणजेच प्रागतिक जॅझ, असे नाव दिले. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आदी पितळी वाद्यांचा भरदार नाद, लॅटिन अमेरिकी तालवाद्ये, कानाला खटकणारे स्वरसमूह आणि अनपेक्षित लयबदल ही त्याची वैशिष्ट्ये होत. पुढे ही संज्ञा अधिक सैलपणे वापरली गेली. डेव्ह ब्रूबेक यांच्या चमूने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘टेक फाइव्ह’ ही पाच मात्रांची रचना याच प्रयोगशील वृत्तीची.

मुंबईत जॅझ रुजले ते हॉटेलांच्या नृत्यगृहांत. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. चर्चशी संलग्न शाळांत स्वरलिपी शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी ही शैली झपाट्याने आत्मसात केली. ट्रम्पेटवादक अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. यांतील अनेकजण रात्री हॉटेलात आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत. मात्र श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच झळकत.

येथील वादकांना प्रागतिक वाट सापडली ती रागसंगीतातून. १९५८च्या भारत दौऱ्यात ब्रूबेक यांनी मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासह वादन केले. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही अकरा रागांवरील ध्वनिमुद्रिका निघाली. तीत सतार रईस खाँ यांची होती. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांची ‘रागा रॉक’ १९७० मध्ये आली.

या दोन पद्धतींत उपज हा समान धागा आहे; तरीही त्यांचा मेळ सोपा नाही. राग म्हणजे केवळ ठरावीक स्वर नव्हेत. त्याला चलन आणि न्यासस्वर असतात. जॅझवादक मूळ स्वरश्रेणीबाहेर मुक्तपणे जातो, तर पियानोवरील कॉर्ड रागाचे रूप सहज झाकोळून टाकतात. त्यामुळे कोणता स्वर वाजवावा याइतकेच कोणता टाळावा, यालाही महत्त्व येते.

निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स पहिल्याच वर्षी आले होते. नर्तकांच्या पावलांना साथ देत आलेल्या या संगीताला त्यामुळे मुंबईत केवळ ऐकण्यासाठी जमणारा श्रोतृवर्ग लाभला. चित्रपटांच्या श्रेयनामावलीबाहेर राहिलेल्या वादकांच्या परंपरेला यानिमित्ताने स्वतःच्या नावाचा मंच मिळाला.