मेंदू कोणी वाढविला?



माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के; पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगात जी ऊर्जा खर्च होते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा हा एकटा खातो. शंभर रुपयांच्या संसारात वीस रुपये एकट्याने उडविणारा असामी निसर्गाने का पोसला? तो काहीतरी कमावून आणीत असलाच पाहिजे. काय कमावतो, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

फ्रेडरिक एंगल्स याने १८७६ साली लिहिलेल्या निबंधात सांगितले, की श्रमाने वानराचा माणूस केला. हात मोकळा झाला, हाताने हत्यार घडविले, आणि श्रमाबरोबर मेंदूही वाढला. कामगार चळवळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे उत्तर फार प्रिय. परंतु प्रिय उत्तर आणि खरे उत्तर यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

१९६६ साली ॲलिसन जॉली या विदुषीने निराळी बाजू मांडली. मादागास्करच्या अरण्यात तिने लीमर पाहिले. हे माकडांचे दूरचे, जुन्या वळणाचे भाऊबंद. वस्तू हाताळण्याच्या युक्तीत ते माकडांच्या पुष्कळ मागे. पण त्यांचे कळपातले जीवन मात्र माकडांसारखेच भरगच्च. यावरून तिने अनुमान काढले, की आधी समाज आला आणि बुद्धी त्याच्या मागून आली. १९७६ साली निकोलस हम्फ्री या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने विचारले : गोरिलाला पाला हाताशी, शत्रू थोडे, मग एवढे डोके कशाला? त्याचे उत्तर असे, की रानापेक्षा शेजारी ओळखणे अवघड. कोण कोणाचा, कोण रुसला, कोणाशी सलोखा करावा, हा हिशेब रोज बदलतो. पुढे १९९२ साली रॉबिन डनबार यांनी निरनिराळ्या नरवानरांची मोजमापे ताडून पाहिली. मोठ्या कळपात राहणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर उरलेल्या मेंदूच्या मानाने मोठा आढळला.

या सहवासाची कमाई डोळ्यांनी दिसते काय? केनियातील अंबोसेली येथील बबून माकडांची सोळा वर्षांची नोंद २००३ साली प्रसिद्ध झाली. ज्या माद्यांचे इतरांशी सख्य दाट, त्यांची पिल्ले अधिक जगली; मग त्या मादीचा मान कळपात वरचा असो की खालचा.

संघटनेचा कार्यकर्ता येथे टाळी वाजवून थांबेल. पण थांबून चालत नाही. २०१७ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी १४० हून अधिक जातींचा हिशेब पुन्हा मांडला. त्यात मेंदूच्या आकाराचा मेळ कळपापेक्षा आहाराशी अधिक बसला. फळे खाणाऱ्यांचा मेंदू पाला खाणाऱ्यांहून सुमारे २५ टक्के मोठा निघाला. खर्चिक असामी पोसायचा तर आधी शिधा हवा, हे ओघानेच आले. हा वाद अजून मिटलेला नाही.

शिवाय मेंदू वाढावयाचा तर वाढीची सोय आनुवंशिकतेत हवी. आपली शाखा चिंपांझीपासून वेगळी झाल्यावर, सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी, एका जुन्या जनुकाची अपुरी नक्कल झाली. २०१५ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथे ती उंदराच्या गर्भात घातली, तेव्हा मेंदूच्या मूळ पेशी वाढल्या आणि गुळगुळीत पृष्ठभागावर कोठे कोठे घड्या पडल्या. २०२० साली मार्मोसेट या चिमुकल्या माकडाच्या गर्भातही तो बाहेरचा थर वाढलेला दिसला. नक्कल होणे हा योगायोग; पण वाढलेल्या मेंदूने रानात आणि कळपात आपला खर्च भरून काढला नसता, तर असा योगायोग टिकता ना.

म्हणून जनुक आणि सहवास यांचे भांडण लावून देणाऱ्यांपासून सावध असावे. बुद्धी रक्तातच ठरते, असे म्हणून अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली संस्थांत ठेवलेल्या ‘मंदबुद्धी’ माणसांच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. वास्तविक जनुकाची ती नक्कल धन्याच्या अंगात आहे, तशीच हमालाच्याही आहे. पुढे मुलाच्या मेंदूला शिधा आणि संगत मिळते की नाही, एवढे पाहणे मात्र आपल्या हाती आहे.