मार्की खेळाडू व वेतनाचा सापळा (महाराष्ट्रातील फुटबॉल)

मार्की खेळाडू : संघाच्या नावाला वजन यावे, तिकिटे खपावीत आणि जाहिरातदार जमावेत म्हणून इतर खेळाडूंपेक्षा कितीतरी अधिक वेतनावर करारबद्ध केलेला नामवंत फुटबॉलपटू. इंडियन सुपर लीगने 2014 मधील पहिल्या हंगामात प्रत्येक संघाला असा एक खेळाडू घेणे बंधनकारक केले आणि 2017–18 च्या हंगामापासून हे बंधन काढून टाकले. मधल्या तीन हंगामांत मुंबई सिटी एफसी व एफसी पुणे सिटी या महाराष्ट्रातील संघांनी केलेले करार हे महागड्या पण फसलेल्या खरेदीचे राज्यातील सर्वांत ठळक उदाहरण होय.

युरोपीय फुटबॉलमध्ये करार चालू असलेला खेळाडू घ्यायचा असेल, तर त्याच्या जुन्या क्लबला हस्तांतर शुल्क द्यावे लागते. ही रक्कम एकाच वर्षाच्या खर्चात न धरता कराराच्या वर्षांवर समान वाटून ताळेबंदात खर्ची टाकली जाते, त्यामुळे दरवर्षी खेळाडूची पुस्तकी किंमत तेवढ्या हप्त्याने कमी होते. शुल्क एकदाच ठरते, वेतन मात्र करार संपेपर्यंत दर आठवड्याला मोजावे लागते, आणि खेळ खालावला म्हणून क्लबला करार एकतर्फी मोडता येत नाही. अशा खेळाडूला विकायचे म्हटले, तर तेवढेच वेतन देणारा दुसरा क्लब सापडत नाही आणि कमी वेतनावर जाण्याचे खेळाडूला काही कारण नसते. शिवाय पुस्तकी किमतीपेक्षा कमी भाव आला, तर तो तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. मग क्लब खेळाडूला उसना देतो आणि त्याच्या वेतनाचा काही भाग स्वतःच भरत राहतो. डच बचावपटू विन्स्टन बोगार्ड 2000 साली हस्तांतर शुल्काशिवाय चेल्सीत आला. आठवड्याला सुमारे 40 हजार पौंडांचा चार वर्षांचा करार त्याने शेवटपर्यंत पुरा केला आणि त्या काळात तो लीगचे अवघे नऊ सामने खेळला. त्याला आळशी ठरवणे सोपे असले, तरी करारावर क्लबचीही सही होती, हे विसरणे अन्यायाचे आहे.

या इतिहासातील दोन गाजलेली नावे पुढे महाराष्ट्राच्या मैदानांवर आली. फ्रेंच आघाडीपटू निकोला आनेल्का याला रेआल माद्रिदने 1999 मध्ये आर्सेनलकडून सव्वादोन कोटी पौंडांच्या घरातील शुल्क देऊन घेतले. सरावाला नकार दिल्याने क्लबने त्याला निलंबित केले, लीगमध्ये त्याचे दोनच गोल झाले, आणि चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य फेरीत त्याने मोलाची कामगिरी केली असली, तरी वर्षभरातच त्याची पॅरिसला रवानगी झाली. रुमानियाच्या आद्रियान मुतू याचे प्रकरण याहून गंभीर होते. चेल्सीने 2003 मध्ये पार्माला सुमारे 1 कोटी 58 लाख पौंड देऊन त्याच्याशी पाच वर्षांचा करार केला, म्हणजे वर्षाला सुमारे 31 लाख 60 हजार पौंड खर्ची पडणार होते. 2004 मध्ये चाचणीत कोकेन आढळल्याने क्लबने करार संपवला, तेव्हा शुल्काचा मोठा भाग खर्ची पडायचा राहिला होता. या न फिटलेल्या भागाच्या आधारे फिफाने 2008 मध्ये मुतूने चेल्सीला सुमारे 1 कोटी 71 लाख 74 हजार युरो भरपाई द्यावी असा आदेश दिला. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने 2009 मध्ये तो कायम केला आणि मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयातही 2018 मध्ये मुतूला दिलासा मिळाला नाही. ताळेबंदातील हप्ता माणसाच्या मानगुटीवर कसा बसतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

भारतात आलेले मार्की खेळाडू बहुधा आधीचा करार संपलेले किंवा निवृत्तीतून परतलेले असल्याने हस्तांतर शुल्काचा प्रश्न नव्हता. जो खर्च होता तो वेतनाचा, आणि तो दोन-तीन महिन्यांच्या हंगामात एकवटलेला होता. साखळीत चौदाच सामने असल्याने एखाद्या स्नायूची दुखापत किंवा छोटी बंदीसुद्धा सगळी गुंतवणूक गिळून टाकत असे. 2014 मध्ये मुंबईचा मार्की खेळाडू असलेला स्वीडनचा फ्रेड्रिक युंगबर्ग 37 वर्षांचा होता आणि दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला होता. दुखापतींमुळे तो चारच सामने खेळू शकला. मुंबईनेच घेतलेला आनेल्का इंग्लंडमधील बंदी भोगत असल्याने सुरुवातीच्या सामन्यांना मुकला आणि त्या हंगामात त्याचे दोन गोल झाले. पुण्याने घेतलेल्या दाविद त्रेझेगे याने 2000 च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना आपल्या गोलने फ्रान्सला जिंकून दिला होता; बालेवाडीत खेळणाऱ्या या संघासाठी त्याने नऊ सामन्यांत दोन गोल केले. 18 ऑक्टोबर 2014 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मुंबईने पुण्याला 5–0 असे हरवले, त्या सामन्यात लीगच्या इतिहासातील पहिली हॅटट्रिक झाली आणि ती केली आंद्रे मोरित्झ या तुलनेने अपरिचित ब्राझिलियन मध्यरक्षकाने. हंगामाअखेर आठ संघांत पुणे सहावे आणि मुंबई सातवी राहिली. 2015 मध्ये आनेल्का मुंबईचा खेळाडू-प्रशिक्षक झाला आणि मुतू पुण्याचा मार्की खेळाडू. तेव्हा मुंबई सहावी आणि पुणे सातवे, एवढाच फरक पडला. 2016 मध्ये पुण्याने निवडलेला आइसलंडचा एइदुर गुद्योन्सन दुखापतीमुळे एकही सामना न खेळता गळाला आणि त्याच्या जागी मोहमद सिसोको याला आणावे लागले.

दोष केवळ वयाचा होता, असे मात्र म्हणता येत नाही. उरुग्वेचा दिएगो फोर्लान 2016 मध्ये 37 वर्षांचाच होता. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनावर त्याने केरळविरुद्ध हॅटट्रिक केली आणि मुंबईने साखळीत पहिला क्रमांक मिळवला. दोष नियमात होता, कारण त्याने नावाची किंमत सक्तीची केली आणि खेळाची ऐच्छिक ठेवली. याउलट, जुलै 2015 मधील देशी खेळाडूंच्या लिलावात मुंबईने सुनील छेत्रीला 1 कोटी 20 लाख रुपयांना घेतले, पुण्याने यूजीनसन लिंगडोहला 1 कोटी 5 लाखांना. छेत्रीने त्या हंगामात सात गोल केले. लिंगडोह त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

लीगचे राज्यातील सामने नवी मुंबई, मुंबई आणि पुणे यांपलीकडे गेले नाहीत. छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे. पण तेथील फुटबॉलप्रेमींना फोर्लान काय आणि त्रेझेगे काय, दूरचित्रवाणीवरच पाहावे लागले. नाव विकत घेऊन प्रेक्षक जमवण्याच्या धोरणाची ही मोठी मर्यादा होती.

वेतनाच्या सापळ्याची भारतीय बाजू वेगळी आहे. युरोपात क्लब नको असलेल्या खेळाडूचे वेतन भरत राहतो. येथे अनेकदा क्लबच कोसळतो आणि थकबाकी सामान्य खेळाडूच्या वाट्याला येते. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला, कल्याणी समूहाचा भारत एफसी एकाच हंगामात 2015 मध्ये आटोपला, आणि एफसी पुणे सिटी 2019 मध्ये आर्थिक अडचणींमुळे संपुष्टात येऊन त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने 2022 मध्ये विजेतेपद मिळवले, परंतु पुढे थकलेल्या वेतनामुळे फिफाने त्याच्यावर नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घातली. दोन महिन्यांचे वेतन थकल्यास पंधरा दिवसांची नोटीस देऊन खेळाडू करार संपवू शकतो, असा नियम फिफाने 2018 मध्ये केलेला आहे; हक्क खरा असला, तरी तो बजावणारा खेळाडू हंगामाच्या मध्यावर बेकार होतो, आणि दुसरा संघ मिळेपर्यंत त्याचे घर कसे चालावे याची तजवीज त्या नियमात नाही. जुलै 2025 मध्ये व्यापारी हक्कांच्या नूतनीकरणाचा तिढा न सुटल्याने लीगचा पुढील हंगाम लांबणीवर पडला आणि ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघाचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. त्या संघात छेत्रीही होता.