संदर्भ कक्षातून ऑनलाइन वर्गात

महाविद्यालयाचा ग्रंथपाल हा शिक्षकच असतो, हे ऑनलाइन अध्यापनात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्या दिवसापासून निःसंकोच मानावे. एस. आर. रंगनाथन मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त पुस्तकरूपाने आले. वाचकाचा वेळ वाचवण्याविषयीचा चौथा सिद्धान्त मला तरी वर्गावर उभ्या राहिलेल्या माणसाला सुचलेला वाटतो. मुले कुठे अडतात हे ज्याने रोज पाहिले, त्यालाच वेळेचे हे मोल कळते.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि कपाटातली पुस्तके कपाटातच राहिली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट सेवा त्याआधी कितीतरी वर्षे सुरू होती. हजारो नियतकालिके आणि लाखो ई-पुस्तके त्यातून घरबसल्या वाचता येतात. त्यासाठी कॉलेजने विद्यार्थ्यांची नावे नोंदवून त्यांना युजर आयडी मिळवून द्यायचे. अनेक ग्रंथपालांनी त्या काळात हे काम झपाट्याने उरकले. पण लॉगिन हाती आले म्हणजे शोधता आले असे होत नाही. ऑनलाइन अध्यापन हा ग्रंथपालाचा स्वतःचा विषय होतो तो इथून.

साधनांची यादी लांबलचक आहे, तिला बिचकू नये. ऑनलाइन वर्ग चालवणारे २००२ सालचे मूडल, संदर्भ सांभाळणारे २००६ सालचे झोटेरो, स्क्रीन रेकॉर्ड करणारे ओबीएस, साधा गूगल फॉर्म. यांतले काहीही आठवड्याभरात हाताला बसते. शिवाय साधने बदलतात. साहित्यचौर्य तपासणीच्या शोधशुद्धी योजनेत आधी उरकुंड होते, पुढे ड्रिलबिट आले. बटणे पाठ करण्यात शक्ती घालवू नये. बदलत नाही ती वाचकाची अडचण, आणि ती आपल्याइतकी जवळून कोणीच पाहिलेली नसते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. एम. ए. मराठीची विद्यार्थिनी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर ‘ग्रामीण साहित्य’ असे देवनागरीत टाइप करते. मराठी प्रबंधांची शीर्षके तिथे कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, तर कुठे इंग्रजी भाषांतरात नोंदलेली असतात. तिला मोजकेच काही मिळते. त्यातला एखादा प्रबंध ती उघडते आणि पीडीएफमध्ये लेखकाचे नाव शोधते. अक्षरे डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना संगणक म्हणतो, सापडले नाही. मजकूर कॉपी केला तर भलतीच रोमन अक्षरे उमटतात. कारण युनिकोड रुळण्याआधीचे पुष्कळसे मराठी टंकलेखन श्री-लिपीसारख्या फॉन्टांमध्ये झाले. तिथे आत साठवलेले चिन्ह वेगळे आणि पडद्यावर दिसणारे अक्षर वेगळे. काही प्रबंध तर नुसते स्कॅन केलेले असतात. संदर्भ कक्षात ती समोर बसलेली असती, तर आपण दोन मिनिटांत हे दाखवले असते. घरी एकटी असताना ‘या विषयावर काम झालेलेच नाही’ असे समजून ती खिडकी बंद करते.

या एका अडचणीवर पाच मिनिटांची चित्रफीत पुरते. तोच शोध देवनागरी, रोमन आणि इंग्रजी अशा तिन्ही प्रकारे घेऊन दाखवायचा. मग शोधपेटी सोडून विद्यापीठ आणि विभाग या वाटेने मराठीच्या प्रबंधांपर्यंत जायचे. शोधगंगावर प्रबंध प्रकरणवार वेगवेगळ्या फाइलींत ठेवलेला असतो, म्हणून आधी अनुक्रमणिका आणि लगेच संदर्भसूची उघडायची. पुढची दहा पुस्तके तिथेच मिळतात. रेकॉर्डिंग करताना ब्राउझरची अक्षरे दीडपट मोठी करा, कारण बहुतेक मुले ते मोबाइलवर पाहणार आहेत. माउसही सावकाश फिरवा.

चित्रफितीखालच्या फॉर्ममध्ये ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. तुम्ही कोणता शब्द टाकला, काय मिळाले आणि कुठे थांबलात, असे विचारावे. ऑनलाइन वर्गात चेहरा दिसत नाही. या तीन उत्तरांतून तो बराचसा दिसू लागतो. माझ्या मते या विषयातले निम्मे कौशल्य अशा प्रश्नांत आहे.

हक्कांचा भाग कोरडा वाटला तरी टाळू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनासाठी काही मोकळीक देते. दिल्ली विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली त्याचा ऊहापोह केला. ते निकालपत्र प्रत्येक ग्रंथपालाने मुळातून वाचावे. संपूर्ण पुस्तक स्कॅन करून व्हॉट्सॲप गटावर टाकणे मात्र या मोकळिकीत बसते असे धरून चालू नये. शक्य तिथे फाइलऐवजी लिंक द्यावी. जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेतून सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली आहेत. तिचा पहिला टप्पा केंद्र आणि राज्य शासनांच्या संस्थांसाठी आहे, तेव्हा आपले कॉलेज त्यात येते का, हे पाठ आखण्याआधी पाहून घ्या.

या पुस्तिकेचे पहिले प्रकरण वाचकांच्या प्रश्नांवर आहे. मूडल तिसऱ्यात येते. तिसरे आधी उघडावेसे वाटेल. त्यापूर्वी गेल्या महिन्यात देवघेव कक्षापाशी मुलांनी विचारलेले प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, एका वहीत उतरवून काढा. पुढचे सगळे पाठ आपण त्या वहीतूनच तयार करणार आहोत.