रेकॉर्डची एक बाजू

पाश्चात्त्य रॉकसंगीताच्या इतिहासात ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या पर्वाची मांडणी बहुधा एकाच साच्यात केली जाते. १९६९च्या सुमारास काही सुशिक्षित इंग्रज तरुणांनी रॉकवर अभिजात संगीताची आणि साहित्याची झूल चढवली, गाणी वीस-वीस मिनिटांची झाली, आणि १९७७च्या आसपास पंक आल्यावर हा डोलारा कोसळला. कथा सोयीची आहे; पण तीत सारा दोष लांबीच्या माथी मारला जातो. गेली पंचवीस-तीस वर्षे हे अल्बम ऐकत आल्यावर मला हा निवाडा मान्य होत नाही, आणि त्याचे एक कारण माझ्या मुलखात आहे.

गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे नागझिरा अभयारण्याच्या वेशीवरचे, तलावाकाठचे गाव. हा मुलूख झाडीपट्टीचा. येथे दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते आणि रात्री सुरू झालेले नाटक उजाडेपर्यंत चालते. ज्या प्रेक्षकाने अशा रात्री जागवल्या आहेत, त्याला ‘लांब’ हा शब्द दोषवाचक वाटत नाही. त्याची कसोटी वेगळी आहे : रात्र सरली, की ओढावी लागली? हीच कसोटी या अल्बमांना लावून पाहावी, असे मला वाटते.

मुळात ही लांबी केवळ हौसेतून आलेली नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर साडेतीन मिनिटांच्या आसपासचे गाणे मावे. १९४८मध्ये कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची लाँग-प्ले रेकॉर्ड आणली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचा अवकाश मोकळा झाला. रॉकवाद्यवृंदांनी तो पुढे रचनेचे एकक म्हणून वापरला. १९६९च्या ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग’ या किंग क्रिम्सनच्या अल्बमसाठी पीटर सिनफील्ड हा कवी वाद्यवृंदाचा सदस्य होता, ही बाब साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९७२मध्ये जेथ्रो टलने ‘थिक ॲज अ ब्रिक’मध्ये दोन्ही बाजूंवर मिळून एकच गाणे रचले आणि त्याचे शब्द एका काल्पनिक आठ वर्षांच्या मुलाच्या नावावर घातले. लांबीची थट्टा लांबीनेच करणारी ही रचना आजही टवटवीत वाटते, कारण तिला स्वतःचे हसू येते.

खरा पेच येस या वाद्यवृंदापाशी आहे. ‘क्लोज टू द एज’ (१९७२) या अल्बमचे शीर्षकगीत एक संपूर्ण बाजू व्यापते. हरमान हेसेच्या ‘सिद्धार्थ’ची प्रेरणा त्यामागे आहे, आणि नदीचे रूपक त्या संगीतात खरोखर वाहते. पुढच्याच वर्षीच्या ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’मध्ये मात्र परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील एका तळटीपेवरून श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी चार शास्त्रे घेऊन चार बाजू भरल्या गेल्या. हा अल्बम मला फसलेला वाटतो. तो लांब आहे म्हणून नव्हे. श्रुती आणि पुराण यांतला भेद संगीतात कोठे उमटतो, हे कितीही ऐकले तरी सापडत नाही. चौकट बाहेरून आणलेली, तिच्यातून निपजलेले काही नाही. वाद्यवृंदातील रिक वेकमनही या अल्बमवर नाराज होता आणि १९७४मध्ये बाहेर पडला.

येथे ‘गीतरामायण’ आठवावे. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक याप्रमाणे माडगूळकर-फडके यांची ५६ गीते प्रसारित झाली. चौकट येथेही बाहेरची, वाल्मीकींची. पण प्रत्येक गीत कोणाच्या ना कोणाच्या तोंडी, एका विशिष्ट प्रसंगी येते. सुटेही उभे राहते आणि माळेतही बसते. अल्बम हा शब्द त्या संदर्भात कोणी वापरला नसला, तरी तिकडे ज्याला पुढे ‘कन्सेप्ट अल्बम’ म्हटले गेले त्याचे मर्म आपल्याकडे आधीच सिद्ध झाले होते.

पिंक फ्लॉईडने हे मर्म ओळखले होते. पंकचे वर्ष म्हणून सांगितल्या जाणाऱ्या १९७७मध्येच ‘ॲनिमल्स’ आला. ऑर्वेलची प्राणिकथा स्टालिनशाहीवर होती. फ्लॉईडने तिचे कुत्रे, डुकरे आणि मेंढ्या भांडवलशाहीच्या गोठ्यात आणून बांधल्या. पंकची चीड या दीर्घ रचनांमध्येही आहे. म्हणजे १९७७ची भिंत इतिहासकार सांगतात तितकी पक्की नव्हती.

आमच्या पिढीकडे हे संगीत बहुधा नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरून आले. तिच्या एका बाजूला अख्खा अल्बम मावे. १९७३च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची पहिली बाजू मृत्यूविषयीच्या शब्दहीन स्त्रीस्वरांनी संपते, आणि रेकॉर्ड उलटल्यावर नाण्यांचा व गल्ल्याचा आवाज सुरू होतो. कॅसेटवर उलटण्याची ती उसंत नाहीशी झाली, आणि मरणापाठोपाठ लगेच पैसा खुळखुळू लागला. अर्थ बदलला, कदाचित अधिक धारदारही झाला. पण क्रम टिकला. आज फोनवर सुटे गाणे निवडले जाते तेव्हा हा क्रमच उरत नाही.

आपण वर्गात काय करतो? आख्यानातील दहा ओव्या, खंडकाव्यातील एक वेचा, कादंबरीचे एक प्रकरण. वेळ कमी, अभ्यासक्रम मोठा, हे खरेच. परंतु वेच्यावरून भाषा कळते, रचना कळत नाही. कोणत्या भागानंतर कोणता येतो, मध्ये किती शांतता आहे, कंटाळा कोठे मुद्दाम ठेवला आहे, हे सारे अखंड ऐकल्या-वाचल्याशिवाय हाती लागत नाही. ‘टेल्स’ फसला, हे मतही तो चारही बाजू ऐकल्यावरच मांडता येते. झाडीपट्टीचा प्रेक्षक नाटकाला नावे ठेवतो, आणि मनसोक्त ठेवतो. पण पहाट झाल्यावर. टीकेचा तो हक्क त्याने रात्रभर बसून मिळवलेला असतो.