गिरणीचा तंटा आणि सरकारी पंच

बांधावरून दोन भाऊ भांडले की गावात पंच बसतात. पंचांपुढे कोणाला बोलू देतात, यावर अर्धा निकाल ठरून जातो. मुंबईच्या कापडगिरण्यांत मालक आणि कामगार यांच्यामध्ये सरकार असे पंच म्हणून कसे आले, त्याची ही हकीकत.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, त्या ऑक्टोबरपर्यंत. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा योजना मालकांनी काढल्या होत्या. मजुरीला कात्री लागेल, माणसे कमी होतील, ही कामगारांची धास्ती. सुमारे दीड लाख माणसे सहा महिने बिनपगारी राहिली. त्यांत पुष्कळसे कोकणातले नि घाटावरचे. तिकडे भोंगा थांबला की इकडे खेड्यात मनिऑर्डर थांबे आणि वाण्याची उधारी वाढे. अखेर सरकारने फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, तेव्हा लोक कामावर परतले.

पण ही चौकशी उपासमारीनंतरची. १९३४ साली पुन्हा मोठा संप झाला, आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात समेटाचा कायदा आला. त्यात सरकारी मजूर अधिकाऱ्याची नेमणूक होती. कामगाराचे गाऱ्हाणे घेऊन हा अधिकारी मालकाकडे जाई. गोष्ट लहान दिसते खरी, पण तोवर कामगाराला वरपर्यंत पोहोचायला वाट एकच होती, ती म्हणजे जॉबर. त्यानेच कामाला लावलेले. त्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे कशी करायची?

१९३८ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पुढचे पाऊल टाकले. मजुरी किंवा कामाचे तास बदलायचे तर मालकाने आधी नोटीस द्यायची. समेटाची बोलणी पुरी होण्याआधी संप नाही की टाळेबंदी नाही. वरवर पाहता दोघांनाही सारखाच लगाम. डॉ. आंबेडकरांचा मात्र विधानसभेत कडाडून विरोध होता. श्रमिकाच्या हातात संपाखेरीज दुसरे काय आहे, असा त्यांचा रोख. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने या कायद्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. मला तरी त्यांचा मुद्दा रास्त वाटतो: मालक महिनाभर थांबू शकतो, कामगाराच्या चुलीला तेवढा धीर नसतो.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा गुलझारीलाल नंदा मजूरमंत्री असताना झाला. समेट, लवाद, औद्योगिक न्यायालय अशी रीतसर व्यवस्था त्यात होती. बोनस, महागाईभत्ता यांचे कितीतरी तंटे पुढे याच वाटेने मिटले, हे नाकारता येत नाही. पण एका धंद्यात, एका भागात, कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क नोंदलेल्या एकाच प्रातिनिधिक संघटनेला होता. मुंबईच्या गिरण्यांत तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला.

ही गाठ १९८२ मध्ये आवळली. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. मान्यता असलेली संघटना दुसरी, म्हणून मालक सामंतांशी बोलायला तयार नव्हते, आणि संप बेकायदा ठरला होता. ज्यांच्यामागे कामगार होते त्यांना पंचांपुढे जागाच नव्हती.

तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. काही जण एकेकटे कामावर परतले, कित्येकांनी गावची वाट धरली, आणि पुढल्या वर्षांत एकेका गिरणीचा भोंगा बंद होत गेला.