हातांतील ओझें आणि विमानाचा काटा

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील कडा हें गांव नगर जिल्ह्याच्या हद्दीजवळ वसलेलें आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजीं अहमदनगर ते आष्टी या लोहमार्गावर गाडी सुरू झाली आणि कडा आगगाडीच्या नकाशावर आलें. पुढें १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिदिनीं, हाच मार्ग बीडपर्यंत पोंचला. येथून आगगाडीच्या दुसऱ्या वर्गानें निघालेल्या उतारूला ३५ किलोपर्यंतचें सामान विनामूल्य नेतां येतें. हाच उतारू पुढें पुण्यास जाऊन विमानांत बसला, तर साध्या वर्गांत त्याच्या हातीं बहुधा ७ किलोंची एकच पिशवी राहूं शकते. बाकीचें ओझें त्यानें आधींच कंपनीच्या स्वाधीन करावयाचें असतें. माणूस तोच, पिशवीही तीच. वाहन बदलतांच तिचें माप कां बदलावें, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

वाटेंत ओझें अडवून पाहण्याची रीत या मुलखाला नवी नाहीं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे, आणि शेजारच्या नगर जिल्ह्यांत १९४७ पर्यंत इंग्रजांचा अंमल होता. या दोन राज्यांच्या सीमेवर निजाम सरकारचें करोडगिरी खातें बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः शेंकडा ५ प्रमाणें जकात घेई. गांठोडें सोडून दाखविल्यावांचून वाटसरूची सुटका नसे. परंतु नाक्यावरील मुख्य प्रश्न मालाच्या किंमतीचा होता. विमान आलें आणि किंमतीचा प्रश्न मागें पडून वजनाचा प्रश्न पुढें आला. कारण हवेला किंमत कळत नाहीं, भार मात्र कळतो.

आपल्या देशांतील या व्यवसायाचा आरंभच मोजक्या ओझ्यानें झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं ‘पस मॉथ’ जातीच्या एका इंजिनाच्या लहानशा विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू मैदानावर टपाल आणलें. त्या टपालाचें वजन सुमारें २५ किलो होतें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें मद्रासचा पुढचा पल्ला गांठला. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई आणि सारें बिऱ्हाड पुण्यास हलवावें लागे. आजचे तीन-चार उतारू जेवढें ओझें सहज हातांत नेतात, तेवढें त्या काळीं एका ऐतिहासिक उड्डाणाचें सगळें टपाल होतें. युरोप-अमेरिकेंतही आरंभींच्या विमानकंपन्या सामानाबरोबर उतारूलाही काट्यावर उभें करीत, आणि त्यांत कोणास अपमान वाटत नसे. यंत्राची शक्ति मर्यादित आहे हें सर्वांस उघड दिसत होतें.

हैदराबाद संस्थानांतही १९४५ सालीं टाटांच्या भागीदारीनें डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ सालीं राष्ट्रीयीकरण झालें तेव्हां ती इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाली. त्या पिढीच्या डाकोटा विमानांत डोक्यावर असत त्या केवळ उघड्या फळ्या. टोपी, कोट, फार तर एखादी घोंगडी ठेवण्यापुरत्या. १९७० सालीं जंबो विमानें आलीं, झांकणाचे कप्पे रूढ झाले आणि उतारूंच्या हातांतील पिशव्या हळूहळू फुगूं लागल्या. जागा दिसली कीं सामान वाढतें, हा अनुभव कोणत्याही गृहिणीला नवा नाहीं.

यानंतर दोन कारणांनीं नियम कडक झाले. पहिलें कारण सुरक्षिततेचें. आपल्या देशांत सन २००० मध्यें निघालेल्या सुरक्षा-परिपत्रकांनीं हातांतील पिशवी एकच असावी असें ठरविलें, कारण प्रत्येक पिशवी तपासणींतून जावयाची असते. २००६ च्या ऑगस्टमध्यें लंडनमध्यें द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आला आणि त्यानंतर बहुतेक आंतरराष्ट्रीय उड्डाणांत १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीला बंदी झाली. दुसरें कारण पैशाचें. १५ जून २००८ पासून अमेरिकन एअरलाइन्स कंपनीनें पोटांत ठेवावयाच्या पहिल्याच पेटीवर १५ डॉलर आकार बसविला. साहजिकच लोकांनीं पेट्या हातांत घेतल्या आणि कप्पे अपुरे पडूं लागले. १ ऑगस्ट २०१० पासून स्पिरिट या कंपनीनें कप्प्यांतील पिशवीवरही आकार लावला. भारतांत २०२१ च्या फेब्रुवारींत विमान-महासंचालनालयानें, केवळ हातांतील सामान घेऊन जाणाऱ्यांना स्वस्त तिकीट देण्याची मुभा कंपन्यांना दिली. अशा रीतीनें जो नियम यंत्राच्या दुर्बलतेंतून जन्मला, तो तिकिटाच्या हिशेबांत जाऊन बसला. उतारूच्या मनांतील संशयाचें मूळ येथेंच आहे.

परंतु पैशाचा हिशेब शिरला म्हणून वजनाचें कारण खोटें ठरत नाहीं. पोटांत जाणारी पेटी प्रत्यक्ष तोलली जाते. उतारू आणि त्याच्या हातांतील पिशवी यांचा भार मात्र बहुधा सरासरीनें धरतात. १८० आसनांच्या विमानांत प्रत्येकानें ३ किलो जास्त आणले, तर हिशेबांत नसलेले ५४० किलो विमानावर चढतात. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेंत शार्लट येथें एक लहान विमान उड्डाण करतांच कोसळलें आणि त्यांतील २१ जण मरण पावले. शेपटीच्या दोरीची सदोष जुळणी आणि सरासरीच्या हिशेबांत लपलेला जादा भार, अशीं दोन कारणें चौकशींत निघालीं. त्यानंतर तेथील अधिकाऱ्यांनीं उतारूचें सरासरी वजन वाढवून धरण्याचें ठरविलें.

पिशवीचा दुसरा धोका विमान जमिनीवर असतां दिसतो. ३ ऑगस्ट २०१६ रोजीं तिरुवनंतपुरमहून आलेलें विमान दुबईस आपटलें व पेटलें. आंतील ३०० माणसें वांचलीं, पण कित्येकजण कप्पे उघडून सामान काढीत असल्याचें चित्रफितींत जगानें पाहिलें. आग विझवितांना एका जवानास प्राण गमवावे लागले. याउलट २ जानेवारी २०२४ रोजीं टोकियोच्या हानेडा विमानतळावर पेटलेल्या जपानी विमानांतून ३७९ जण सुखरूप बाहेर पडले, आणि त्या सुटकेचें श्रेय मुख्यतः उतारूंच्या शिस्तीस, सामान मागें सोडून निघण्यास, दिलें गेलें.

मग वाद कशाचा आहे? वाद मापाचा नसून माप लावण्याच्या रीतीचा आहे. एके दिवशीं ९ किलोंची पिशवी कोणी पाहत नाहीं, दुसऱ्या दिवशीं साडेसात किलोंची पिशवी दारांत अडते. एका कंपनीच्या लोखंडी चौकटींत बसणारी पेटी दुसरीच्या चौकटींत बसत नाहीं. जून २०१५ मध्यें विमानकंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें ५५, ३५ व २० सेंटिमीटर असें एकच माप सुचविलें. परंतु ओरड झाली आणि आठवडाभरांत ती योजना बाजूस ठेवावी लागली. युरोपच्या न्यायालयानें १८ सप्टेंबर २०१४ रोजीं अधिक स्पष्ट तत्त्व सांगितलें होतें: वाजवी वजनाचें व आकाराचें हातांतील सामान हें प्रवासाचें आवश्यक अंग आहे, त्यावर निराळा आकार घेतां येत नाहीं. वाजवी म्हणजे किती, हा प्रश्न मात्र उरलाच.

दारांत पिशवी काढून घेतली जाते तेव्हां प्रश्न दोन-चार किलोंचाच नसतो. त्या पिशवींत औषध असतें, परीक्षेचे किंवा जमिनीचे कागद असतात, घरच्यांनीं विश्वासानें सोंपविलेला दागिना असतो. फोनला वीज पुरविणारी सुटी बॅटरी असते, आणि आगीच्या भीतीमुळें ती पोटांत ठेवण्यास मनाई आहे. घाईंत तोलणाऱ्यानें ती आधीं काढून घ्यावयास न सांगितलें, तर एका नियमाच्या अंमलांत दुसरा नियम मोडतो. म्हणून काटा पहिल्या टेबलाशीं, घरच्या माणसांचा निरोप घेण्यापूर्वीं, लावावा. दारांत लावूं नये. तो सर्वांना लावावा, आणि आकारही आधीं छापलेला असावा. करोडगिरीच्या जाचाची मुख्य तक्रार जकातीच्या दराविषयीं नसे. नाक्यावरच्या माणसाच्या मर्जीविषयीं असे. ७ किलोंचा नियम लोक पाळतील, कारण त्यामागें सबळ कारण आहे. पण कड्याच्या शेतकऱ्याच्या गांठोड्याला आणि मुंबईच्या व्यापाऱ्याच्या चामडी पेटीला एकच काटा लागला, तरच त्या कारणावर त्यांचा विश्वास बसेल.