फुप्फुसाचा कर्करोग: वालचंदनगर परिसरातील जोखमींचा विचार

श्वासनलिकेच्या शाखा किंवा वायुकोश यांच्या अस्तरातील पेशींची अनिर्बंध वृद्धी म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग. ज्याच्या संपर्काने ही वृद्धी होण्याची शक्यता वाढते, तो जोखीम-घटक. शक्यता म्हणजे निश्चिती नव्हे. आयुष्यभर विडी ओढून नव्वदी गाठलेले आजोबा गावोगाव दाखवले जातात, पण त्यांच्यामुळे सिद्धांत खोटा ठरत नाही.

फुप्फुसाला अपायकारक असलेले सर्वच कर्कजनक नसते. साखरधंदा आणि अवजड यंत्रनिर्मिती यांवर वाढलेल्या वालचंदनगरात हा भेद लक्षात घ्यावा लागतो. साठवून बुरसलेल्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, धुळीने ‘बगॅसोसिस’ होतो. तो अतिसंवेदनशीलतेतून होणारा दाह आहे, कर्करोग नव्हे. वेल्डिंगच्या धुराला मात्र आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये निश्चित कर्कजनकांत गणले. ॲस्बेस्टॉस, स्फटिकी सिलिका आणि डिझेलचा धूर त्याच गटात आहेत. चुलीतील लाकडाचा धूर एक पायरी खाली, ‘बहुधा कर्कजनक’ गटात येतो. पाचट जाळल्याने हवेत सूक्ष्म कण मिसळतात, आणि प्रदूषित बाह्य हवा 2013 पासून निश्चित गटात आहे.

हे वर्गीकरण पुराव्याची खात्री सांगते, जोखमीचे परिमाण सांगत नाही. परिमाणात तंबाखूचा धूर सर्वांच्या पुढे आहे. शिवाय जोखमींची नुसती बेरीज होत नाही. 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी कामगारांच्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूची जोखीम केवळ ॲस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने सुमारे अकरापट आणि दोहोंनी मिळून पन्नासपटीहून अधिक आढळली.

यावरून प्रतिबंधाचा क्रम ठरतो. प्रथम विडी-सिगारेट. पन्नाशीत सोडली तरी तिच्यामुळे येणारी जोखीम बरीच कमी होते. तिशीत सोडल्यास बहुतांश टळते. मग यंत्रशाळेत धूर उगमापाशीच ओढून घेणारी व्यवस्था. मुखपट्टी शेवटी, कारण ती माणसाच्या सवयीवर अवलंबून असते.

संपर्क आणि रोग यांत बहुधा दशके जातात, म्हणून निवृत्तीनंतरचा खोकला कामाशी कोणी जोडत नाही. खोकला, थुंकीतून रक्त, वजनात घट ही लक्षणे क्षयाचीही असतात. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयाची तपासणी करावी. तीत क्षय आढळला नाही, किंवा औषधांनी उतार पडला नाही, तर सीटी स्कॅनविषयी रुग्णाने स्वतः विचारावे, आणि वेल्डिंगवर किंवा बॉयलरवर किती वर्षे काढली ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे.